गहाणखतातला कुंभार: अमेरिकेच्या दक्षिणेतील एका काउंटीत वंशावळ कशी शोधतात

२०२५ साली बोस्टनच्या ‘म्युझियम ऑफ फाइन आर्ट्स’ने आपल्या संग्रहातील मातीच्या दोन मोठ्या रांजणांची मालकी ते घडवणाऱ्या कुंभाराच्या वंशजांना परत दिली आणि त्यांपैकी एक रांजण त्यांच्याकडून रीतसर विकत घेतला. दोन्ही रांजण १८५७ सालचे आहेत. कुंभाराचे नाव डेव्हिड ड्रेक. साउथ कॅरोलायना राज्यातील एजफील्ड येथे तो गुलाम म्हणून अनेक दशके चाकावर बसला आणि गुलामांना लिहायला शिकवणे त्या राज्यात गुन्हा ठरलेला असताना ओल्या मातीवर स्वतःचे नाव, तारीख आणि कधीकधी दोन ओळींची कविता कोरत राहिला. १६ ऑगस्ट १८५७ या तारखेच्या एका रांजणावर त्याने लिहिले आहे की, माझे सगेसोयरे सारे कुठे असतील कोण जाणे, सर्वांशी आणि सर्व राष्ट्रांशी मैत्री असो.

गुलामांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती, त्यांच्या मुलांवर त्यांचा हक्क नव्हता आणि सरकारी कागदात त्यांना बहुधा आडनावही नव्हते. मग अशा माणसाचे वंशज दीडशे वर्षांनी सापडतात कसे आणि ते वंशज खरेच त्याचे आहेत हे एखादे संग्रहालय मान्य करते कसे? ‘नोंदी’ आणि ‘सगेसोयरे’ हे शब्द गेली काही वर्षे रोज वर्तमानपत्रात वाचणाऱ्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. एजफील्डमधली शोधाची पद्धत मात्र आपल्याहून बरीच निराळी आहे.

काउंटी म्हणजे काय, आणि ती जागेवर का राहत नाही

काउंटी हा अमेरिकेतील राज्याखालचा प्रशासकीय विभाग होय. आजच्या एजफील्डची लोकसंख्या पंचवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आकाराने ती आपल्या लहानशा तालुक्याएवढी आहे, पण अधिकारांच्या बाबतीत जिल्ह्याच्या जवळची. जमिनीचे दस्त, मृत्युपत्रे, वारसांचे खटले, करवसुली हे सारे काउंटीच्या न्यायालयाच्या इमारतीत होते आणि त्याचे कागदही तिथेच साठतात. वंशावळ शोधणारा माणूस म्हणूनच गावापेक्षा काउंटीचे नाव आधी विचारतो.

पण काउंटीच्या सीमा स्थिर नसतात. एजफील्ड १७८५ मध्ये जुन्या नाइंटी-सिक्स या विभागातून निघाली; १८०० ते १८६८ या काळात तिला काउंटी न म्हणता डिस्ट्रिक्ट म्हणत. पुढे तिचे लचके तुटत गेले. १८७१ मध्ये एकन, १८९५ मध्ये सलूडा, १८९७ मध्ये ग्रीनवुड आणि १९१६ मध्ये मॅककॉर्मिक या काउंट्यांना तिचा काही काही भाग गेला. पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला, त्यामुळे डहाणूच्या एखाद्या घराण्याचे १९५० सालचे कागद पाहायचे तर ठाणे जिल्ह्याच्या नावाखाली पाहावे लागतात, तसेच हे. एकनमधल्या एखाद्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या घर बदललेले नसेल, तरी त्याचे १८६० सालचे कागद एजफील्डमध्येच मिळतील. नवख्या शोधकाचे महिनोन्‌महिने वाया जातात ते बहुधा इथे.

दक्षिणेत आणखी एक अडथळा आहे आणि तो आगीचा. गुलामगिरी संपवणाऱ्या यादवी युद्धात आणि इतर वेळीही कित्येक न्यायालये जळाली. व्हर्जिनियातील काही काउंट्यांनी तर सुरक्षिततेसाठी आपली दप्तरे राजधानी रिचमंडला पाठवली आणि एप्रिल १८६५ मध्ये रिचमंडच जळाले. एजफील्डचे नशीब बरे, तिची वारसाहक्काची आणि जमिनीची दप्तरे मोठ्या प्रमाणात टिकली. ‘ओल्ड एजफील्ड डिस्ट्रिक्ट जीनिऑलॉजिकल सोसायटी’ ही स्थानिक संस्था तिथल्या टॉम्पकिन्स ग्रंथालयात काम करते. एवढ्या लहान गावात वंशावळीचे अभ्यासक बाहेरून येत राहतात त्याचे कारण या दप्तरांत आहे.

शिडी खालून वर: जनगणना

वंशावळीचा पहिला नियम असा की, सुरुवात स्वतःपासून करायची आणि एकेक पिढी मागे जायचे. कोणी तरी थोर पूर्वज धरून त्याच्यापासून खाली उतरू पाहणारा माणूस हमखास दुसऱ्याच्या घरात शिरतो.

मागे जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. तिची वैयक्तिक माहिती ७२ वर्षे गोपनीय असते, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतचे कागद खुले आहेत. त्यामागे प्रत्येक खेपेस कागदाचा कस कमी होत जातो. घरातल्या माणसाचे कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हे १८८० पासून लिहू लागले. त्याआधी एका छपराखालची मुले पोटची, पुतणी की पोरकी, हे कळत नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधील आगीत जळाले किंवा भिजून निकामी झाले. म्हणजे १८८१ मध्ये जन्मलेली मुलगी अठराव्या वर्षी लग्न करून गेली असेल, तर आईवडिलांच्या घरातील सदस्य म्हणून ती कोणत्याच जनगणनेत दिसणार नाही. १८५० च्या आधी तर फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीच्यांची वयोगटाप्रमाणे संख्या, एवढेच असते.

हे झाले स्वतंत्र माणसांचे. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळी पत्रके भरली गेली. त्यांत नाव आहे ते मालकाचे. त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण: पुरुष, ३०, काळा, स्त्री, २६, काळी, मुलगी, ४, मिश्र. माणसांची नावे जवळजवळ नाहीतच. बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे नावानिशी प्रथम दिसतात ती १८७० च्या जनगणनेत. कृष्णवर्णीय वंशावळीचे अभ्यासक या वर्षाला भिंत म्हणतात, कारण तिथवरची वाट सरळ आहे आणि पलीकडे नावेच संपतात.

डेव्हिड ड्रेक या भिंतीच्या अलीकडे एकदाच दिसतो. १८७० च्या एजफील्डच्या पत्रकात त्याचे नाव आहे, वय ७०, व्यवसाय चाकावर भांडी घडवणारा.

भिंतीपलीकडे गोऱ्यांच्या घरातून जावे लागते

या शोधाचा गाभा असा की, दक्षिणेतील जुन्या काउंटीत गोऱ्या घराण्याची आणि त्याच्या गुलामांची वंशावळ एकाच गठ्ठ्यात आहे. एकीला वगळून दुसरी पूर्ण होत नाही. गुलाम ही मालमत्ता होती, आणि मालमत्तेचा कागद माणसाच्या जन्माच्या कागदापेक्षा कितीतरी काळजीने ठेवला जात असे.

एजफील्डमध्ये कोणी जमीनदार वारला की त्याचे प्रकरण प्रोबेट न्यायालयात, म्हणजे मयताच्या इस्टेटीचा निवाडा करणाऱ्या न्यायालयात जाई. तिथे प्रत्येक प्रकरणाचे एक पुडके बांधत. आजही त्याचा पत्ता पेटी क्रमांक आणि पुडके क्रमांक असाच देतात. पुडक्यात घडी घातलेले कागद असतात. त्यांत मृत्युपत्र, दुकानदारांची देणी, मुलांच्या पालकत्वाचे अर्ज आणि शेजारच्या प्रतिष्ठितांनी घरी येऊन केलेली मालमत्तेची यादी मिळते. ही यादी कशी असते ते समजण्यासाठी एक नमुना मी रचून देतो. एक करडी घोडी, दोन नांगर, एक पलंग गादीसह, हॅना आणि तिचे मूल, म्हातारा आयझॅक, किंमत शून्य, कापसाच्या चार गासड्या. प्रत्येकापुढे डॉलरांत आकडा. पहिल्यांदा अशी यादी वाचताना बराच वेळ पुढे सरकता येत नाही. शोधकाला मात्र तिच्यातच हवे ते सापडते, कारण इथे नाव आहे आणि ‘तिचे मूल’ या शब्दांत नातेही आहे.

मृत्युपत्रात आणखी एक ठरलेला शब्दप्रयोग येतो. मुलीला अमुक नावाची दासी आणि ‘तिची पुढील वाढ’ दिली, असे बाप लिहून ठेवतो. वाढ म्हणजे तिला होणारी मुले. मूल आईच्या मालकाचे, असा कायदा होता. गाय ज्याची त्याचे वासरू, हा हिशेब. म्हणून गुलाम आयांची नावे कागदात तुलनेने जास्त सापडतात आणि बाप, विशेषतः तो पलीकडच्या शेतावरचा असेल तर, हरवतो.

यातूनच गोऱ्या मुलींची लग्ने महत्त्वाची ठरतात. लेक सासरी जाताना तिच्याबरोबर गुलाम मुलगी जाई. म्हणजे एका गुलाम कुटुंबाची ताटातूट शोधायची, तर मालकाच्या पाच मुली कुठे दिल्या हे आधी काढावे लागते. आणि गोऱ्या बायकांची माहेरची नावे काढणे हेही सोपे नाही. साउथ कॅरोलायनात १९११ पर्यंत लग्नाचा परवाना काढण्याची सक्ती नव्हती, जन्म-मृत्यूची राज्यव्यापी नोंद १९१५ मध्ये सुरू झाली. एजफील्डमध्ये बाप्टिस्ट पंथाचा जोर. ते तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत, त्यामुळे चर्चच्या वहीत जन्माची नोंद मिळत नाही. (सभासदत्वाच्या वहीत मात्र गुलामांचीही नावे असतात, मालकाच्या नावासह.) अशा वेळी उपयोगी पडते ते जमिनीचे खरेदीखत. विधवेला पतीच्या जमिनीवर हक्क असे, म्हणून नवरा जमीन विकताना बायकोने तो सोडल्याचे निवेदन दस्ताला जोडत. अधिकारी तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारी आणि लिहून घेई की, हे ती राजीखुशीने, कोणाच्याही सक्तीवाचून वा भीतीवाचून करीत आहे. ती खरोखर किती राजीखुशीने करीत असे, हा भाग निराळा. तिचे नाव आणि त्या दिवशी ती हयात होती ही खात्री तेवढी उरते.

आता भिंत ओलांडण्याची कृती. १८७० च्या पत्रकातील एक कृष्णवर्णीय कुटुंब घ्यायचे, सर्वांची नावे आणि वये टिपायची. मग त्याच पानावरचे शेजारी पाहायचे, कारण मुक्त झालेली बरीच माणसे लगेच दूर गेली नाहीत, जुन्या मालकाच्या आसपासच वाट्याने शेती करू लागली. जवळचे जमीनदार निवडायचे आणि १८६० च्या गुलाम-पत्रकात त्यांच्या नावाखाली दहा वर्षांनी लहान वयांचा तोच संच दिसतो का ते पडताळायचे. दिसला तर त्या जमीनदाराची, त्याच्या बापाची आणि सासऱ्याची पुडकी उघडायची. कोणताही एक कागद पुरावा ठरत नाही. पाच-सहा कागद एकाच दिशेला बोट दाखवू लागले की नाते मानतात. आडवाटेने मदत करणारे कागदही आहेत. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये काढलेल्या बचत बँकेची एक शाखा एजफील्डपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर, जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे होती. खाते उघडताना खातेदाराची ओळख पटावी म्हणून ती आईवडील, भावंडे आणि काही वेळा जुना मालक यांची नावे लिहून घेई. बँक १८७४ मध्ये बुडाली, ठेवीदारांचे पैसे बुडाले आणि वंशजांसाठी वह्या राहिल्या.

‘आडनाव एकच म्हणजे नाते पक्के ना?’

नाही, आणि उलटही नाही. मुक्त झालेल्या प्रत्येकाने शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले, असा समज सर्वत्र आहे. काहींनी घेतले, काहींनी आधीच्या मालकाचे, काहींनी आपल्या बापाचे, काहींनी स्वतः निवडलेले. डेव्हिडने घेतलेले ड्रेक हे त्याच्या तरुणपणीच्या मालकांचे नाव. ज्या लुईस माइल्सच्या कारखान्यात त्याने आपले सर्वांत नामांकित रांजण घडवले, त्याचे नाही.

एका आडनावाने कुठवर जाता येते याचे प्रसिद्ध उदाहरण याच काउंटीशी जोडलेले आहे. नागरी हक्कांचे कृष्णवर्णीय नेते अल शार्प्टन यांची वंशावळ २००७ मध्ये शोधली गेली, तेव्हा त्यांचे पणजोबा कोलमन शार्प्टन हे ज्युलिया थर्मंड शार्प्टन या विधवेचे गुलाम असल्याचे निघाले. पतीच्या कर्जापायी कोलमनला फ्लोरिडाला धाडले होते. ज्युलियाचे सासरचे नाव कोलमनच्या वंशात उतरले. तिचे माहेरचे नाव म्हणजे एजफील्डचे थर्मंड घराणे. १९४८ मध्ये वंशविभाजनाच्या बाजूने राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवणारे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड याच घराण्यातले. ज्युलियाचे माहेर कोणी शोधलेच नसते, तर हा धागा लागला नसता.

गोऱ्या घराण्यांत फसगत वेगळ्या कारणाने होते. एकाच वेळी त्याच नावाची चार माणसे असतात आणि जुन्या कागदातले ‘सीनियर’, ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतात असे नाही. त्या परिसरातला थोरला जॉन आणि धाकटा जॉन, इतकाच त्याचा अर्थ असे. थोरला वारला की धाकटाच सीनियर होई. इंटरनेटवरील अनेक वंशवृक्षांत यामुळे काका बाप झालेले आहेत आणि एकाची चूक दुसरा उतरवून घेत असल्याने ती आता बहुमताने खरी ठरते.

‘आता डीएनए आहे, मग कागद कशाला?’

थुंकीच्या नमुन्यावरून दोन माणसांत किती डीएनए समान आहे ते कळते, नाते कोणते ते कळत नाही. प्रत्येक पिढीला वारसा निम्मा होतो. पत्त्यांचा जोड पिसून अर्धे पत्ते पुढच्याला, त्याचे अर्धे त्याच्या पुढच्याला, असे करत गेल्यावर मूळ जोडातले कोणते पान कोणाकडे येईल हे नशिबावर असते. ज्यांचे खापरपणजोबा एक आहेत अशा दोघांत सरासरी एका टक्क्याहूनही कमी डीएनए समान निघतो आणि अशा दर दहा जोड्यांत सुमारे एकात काहीच सापडत नाही. गुलामगिरीच्या काळापर्यंत जायला बहुधा याहून मागे जावे लागते.

शिवाय जुन्या घराण्यांत चुलत-आते भावंडांची लग्ने सर्रास होत. जमीन घरात राहावी, हे त्यामागचे कारण आपल्याला समजावून सांगायला नको. त्यामुळे दोन वाटांनी नाते लागते आणि चाचणीत माणसे आहेत त्याहून जवळची दिसतात. तरी एका बाबतीत डीएनएला तोड नाही. आजच्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या वंशात सरासरी वीस ते पंचवीस टक्के वाटा युरोपीय आहे. पुडक्यातली यादी ज्या बापाचे नाव कधीच लिहीत नाही, त्याची चुलत शाखा चाचणीत समोर येते. मग तो बाप नेमका कोणता भाऊ, हे ठरवायला पुन्हा कागदांकडेच यावे लागते.

‘जुने उकरून कोणाचे भले होते?’

हा आक्षेप एजफील्डमध्येही घेतला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. आपल्या आजोबांच्या मृत्युपत्रात माणसांची वाटणी वाचणे कोणालाच सुखाचे नसते. पण काही गोष्टी उकरल्याविनाही गावाला ठाऊक असतात. स्ट्रॉम थर्मंड २००३ मध्ये शंभराव्या वर्षी वारले. त्यानंतर काही महिन्यांनी एसी मे वॉशिंग्टन-विल्यम्स या निवृत्त शिक्षिकेने जाहीर केले की आपण त्यांची मुलगी. आई थर्मंड कुटुंबाच्या घरी काम करणारी कृष्णवर्णीय तरुणी होती. थर्मंड कुटुंबाने ते मान्य केले. राज्याच्या राजधानीतील थर्मंड यांच्या स्मारकावर अपत्यांची संख्या कोरलेली होती. २००४ मध्ये त्या दगडात एसी मे यांचे नाव घालण्यात आले आणि ‘चार’चे ‘पाच’ करण्यात आले. खाडाखोड दगडावर आजही ओळखू येते.

आणि प्रश्न नुसत्या भावनेचा नसतो. मुक्तीनंतर अनेक कृष्णवर्णीय कुटुंबांनी पै-पै जोडून जमिनी घेतल्या आणि मृत्युपत्र न करता ती माणसे वारली. जमीन सर्व वारसांची अविभक्त राहिली. आपल्या सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे साचतात तशीच स्थिती, पण इथे बरीच नावे उताऱ्यावरही नसतात. अशा जमिनीतला शिकागोच्या एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा बाहेरचा खरेदीदार स्वस्तात घेई आणि न्यायालयाकडे वाटणी मागून सगळीच जमीन लिलावात काढवी. साउथ कॅरोलायनाने २०१६ मध्ये कायदा करून आधी योग्य मूल्यांकन करण्याची आणि इतर वारसांना तो हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी ठेवली. ती संधी घ्यायची तर आपण वारस आहोत हे सिद्ध करावे लागते, म्हणजे पुन्हा १८७० चे पान आणि पुडकी.

कागद जिथे संपतो

भिंत ओलांडली तरी वाट कधी तरी संपतेच. डेव्हिड ड्रेकचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख जून १८१८ मधील एका गहाणखतात आहे. त्याचा मालक हार्वी ड्रेक याने कर्जासाठी गहाण ठेवलेल्या गोष्टींत डेव्ह हे नाव येते: सुमारे १७ वर्षांचा मुलगा, ‘कंट्री बॉर्न’. जहाजातून आफ्रिकेहून आणलेला नाही, इथेच जन्मलेला, असा त्या शब्दांचा अर्थ. गहाण घेणाऱ्याच्या लेखी तो मालाचा दर्जा सांगणारा शेरा होता. शोधकाला त्यातून एवढे कळते की, सतरा वर्षांपूर्वी या मुलाची आई याच देशात होती. तिचे नाव गहाणखतात नाही.